मुंगीच्या चौदा वाट्यांचा लिलाव

दि. ११, बुधवार

सकाळी दवाखान्याच्या मागच्या इमारतीतली मालाची लिफ्ट तपासली. दोर ठीक, ब्रेक ठीक. दुसऱ्या मजल्यावर दार अर्धा इंच उघडं राहतं, तशी नोंद केली. दुपारी कचेरीत वरिष्ठांनी बोलावलं. त्यांच्यासमोर वीस मिनिटं उभा होतो. पाच वाजता घरी आलो, जेवलो, भांडी घासली.

आदरणीय अक्कांना नमस्कार.

पत्रात आधी प्रकृती विचारायची असते म्हणून विचारतो आहे असं समजू नका, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही बांधत नसणार (छत्तीस वर्षं मेट्रन म्हणून दुसऱ्यांना पट्टे बांधलेल्या बाईने स्वतः बांधून घेणं अवघड असतं, हे मी समजू शकतो), पण निदान तो समोर दिसेल असा तरी ठेवावा. रविवारी फोनवर हे विचारायचं राहिलं. आपला फोन साधारण दोन मिनिटं चालतो. तुम्ही विचारता, "बरं आहे ना?" मी म्हणतो, "बरं आहे." मग जास्त गारठा तुमच्याकडे आहे की माझ्याकडे ते ठरतं आणि आपण फोन ठेवतो. जे घडलं आहे ते दोन मिनिटांत बसणारं नाही आणि मला तोंडाने सांगता येणारंही नाही, म्हणून लिहितो आहे. काही मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

माझी प्रकृती उत्तम आहे. नोकरी बहुधा आहे.

सांगायचं ते हिच्या वाट्यांबद्दल. (ही, म्हणजे तुमची धाकटी बहीण, जाऊन पाच महिने होत आले, तरी पत्रात तिचं नाव लिहायला माझा हात वळत नाही. लग्नानंतर सत्तावीस वर्षं तो वळतच नव्हता, त्यामुळे हे दुःखामुळे होतं असं म्हणून मी उगाच सहानुभूती घेणार नाही.) तुम्हीच मला सांगितलं होतं, "तिच्या वस्तू आता काढा. कपडे देऊन टाका, चष्मे द्या, ते कॉम्प्युटरमधलं काय असेल ते विका आणि मोकळे व्हा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण विका." तुमचा शब्द दवाखान्यात डॉक्टरही खाली पडू देत नसत, तिथे माझी काय कथा. कपडे दिले. चष्मे तीन निघाले, त्यातले दोन दिले. उरले वाटे.

वाटे म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगतो. मलाही ते तीन आठवड्यांपूर्वीच कळलं आहे, आणि नुकतंच काही कळलेल्या माणसाला ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुठल्याशा थंड मुलखात एक मोठं गोदाम आहे. त्यात शेकडो यंत्रं रात्रंदिवस आकडेमोड करत असतात आणि त्या आकडेमोडीतून क्रिप्टो नाणी निघतात. याला ते लोक खाणकाम म्हणतात, पण त्यात माती नाही, कुदळ नाही, आणि निघालेलं नाणंही हातात धरता येत नाही. एवढी यंत्रं एकट्याला झेपत नाहीत म्हणून त्यांचे वाटे पाडलेले असतात. ज्याच्याकडे वाटा असेल त्याला दर महिन्याला निघालेल्या नाण्यांतला चिमूटभर हिस्सा मिळतो. हिच्याकडे असे चौदा वाटे होते. गणिताच्या शिकवण्यांतून साठवलेल्या पैशातून तिने ते एकेक करून घेतले होते. मला वाटायचं ही संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून मुलांचे पेपर तपासते. मी कधी विचारलं नाही, आणि तिनेही, मी कधी विचारतो याची वाट पाहून, सांगितलं नाही.

हे वाटे दुकानात मिळत नाहीत. त्यांची एक मंडळी आहे, इंटरनेटवरच भेटणारी, ती आपसांत लिलाव करून वाटे घेते-देते. तिथे खरं नाव कुणी लावत नाही. हिचं नाव होतं "मुंगी". प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने असतात. पहिल्यात किती व्यवहारांत शब्द पाळला तो आकडा, दुसऱ्यात किती वेळा मोडला तो. कारण तिथे बोली बांधील असते. एकदा लिहिलेला आकडा खोडता येत नाही, बदलता येत नाही, "चुकून लिहिलं" म्हणता येत नाही. हिच्या पहिल्या रकान्यात दोनशे बारा होते आणि दुसऱ्यात शून्य. मी लिफ्ट तपासनीस आहे, अक्का. दोनशे बारा फेऱ्यांत एकदाही न अडकलेली लिफ्ट मी उभ्या नोकरीत पाहिलेली नाही.

पासवर्ड कीबोर्डखाली तिच्याच अक्षरात लिहिलेला सापडला. तो घातल्यावर पडद्यावर आलं, "परत स्वागत आहे, मुंगी. तुम्ही १३६ दिवसांनी आलात." मी उभ्याने टाईप करत होतो, तो खुर्ची ओढून बसलो.

लिलावाच्या पानाशेजारी त्या मंडळींचं एक गप्पांचं पान असतं. (लिलावाच्या पानावर आकड्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, नमस्कारसुद्धा नाही, हा त्यांचा शिष्टाचार. जे काय बोलायचं ते शेजारच्या पानावर.) तिथे ही नऊ वर्षं रोज लिहीत होती. वाट्यांचे भाव, शिकवणीतली मुलं, शेजारणीचा पंखा, आणि मी. माझं तिथलं नाव "तळमजला". "तळमजला आज सात वाक्यं बोलला. चार लिफ्टबद्दल, नोंद घ्यावी." "तळमजल्यासाठी शर्ट आणला. म्हणाला, जुना आहे की. हे त्याच्या भाषेत आभार." अशी पानंच्या पानं. सुरुवातीला मला हसू आलं. मग तीन आठवडे मी रोज संध्याकाळी तेच वाचतो आहे. सहाव्या वर्षापर्यंत पोचलो आहे. सावकाश वाचतो, कारण पुढे तीनच वर्षं उरली आहेत.

आता या गप्पांत दर दुसऱ्या ओळीला एक इसम भेटतो, त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माझ्या नाशाचं मूळ तोच आहे. त्याचं नाव "बिनसाखर". हा दोन शब्दांपलीकडे लिहीत नाही. "घेऊ नकोस." "विक आता." "मूर्खपणा आहे." एवढ्यावर तो बाई आहे की बुवा हेही कळत नाही, पण ही त्याला "काय हुकूम, बिनसाखर महाराज?" असं विचारायची, त्यावरून मी बुवा धरून चाललो. ही त्याच्याशी भांडायची, त्याला चिडवायची, बरं नसलं की त्यालाच आधी सांगायची. (तिच्या छातीत दुखायचं हे मला मार्चमध्ये कळलं. त्याला आदल्या ऑक्टोबरात माहीत होतं, हे पहिल्याच दिवशी शेवटची पानं चाळताना दिसलं. त्याने लिहिलं होतं, "डॉक्टर. उद्याच.") अक्का, या वयात आणि या परिस्थितीत मत्सर वाटणं शोभत नाही, मला माहीत आहे. पण वाटला. एकूण लिखाणावरून माणूस हट्टी, माणूसघाणा आणि जन्मभर कुणावर तरी हुकूम गाजवायची सवय झालेला दिसतो. बहुधा एकटाच राहत असावा आणि शेजारीपाजारी त्याला टरकून असावेत. साखर न घालता चहा पिणारी माणसं सहसा मधुमेहापायी पितात, हा स्वभावापायी पीत असावा.

असो. वाटे माझ्या नावावर करून घ्यावेत असं मला वाटू लागलं. विकायचे नाहीत असं नाही, तुमचा शब्द होता, पण माझ्या नावावर करून मग सावकाश विकावेत असं. तर त्या मंडळींत वारस ही गोष्टच नाही. तिथे माणूस मरत नाही, नुसता यायचा थांबतो, आणि सहा महिने आला नाही की त्याचं खातं बंद करून लेखन पुसून टाकतात. वाटे एका नावावरून दुसऱ्या नावावर जायला एकच वाट, लिलाव. म्हणजे मुंगीने वाटे विकायला काढायचे आणि मी विकत घ्यायचे. मी तळमजला या नावाने सभासद झालो. तर नवीन माणसाला बोली लावायची असेल तर एका जुन्या सभासदाने त्याला जामीन राहावं लागतं. जामीन राहणाराचा शब्द आणि नव्याचा शब्द मग एकच धरतात. मी तिथे एकाच जुन्या सभासदाला ओळखत होतो. तेव्हा मुंगी तळमजल्याला जामीन राहिली. (एका खिडकीतून बाहेर यायचं, दुसऱ्या खिडकीतून आत जायचं, स्वतःलाच विनंती करायची आणि स्वतःच ती मान्य करायची. कचेरीत आम्ही बिलं अशीच मंजूर करतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही.) विक्रेता आपल्याच मालावर बोली लावू शकत नाही असा त्यांचा अकरावा नियम आहे म्हणे. नियम एकतीस आहेत. मी दहापर्यंत वाचले होते.

मुंगीच्या नावाने लिलाव जाहीर झाला तेव्हा गप्पांच्या पानावर सगळ्यांनी विचारलं, "मुंगे, होतीस कुठे इतके दिवस?" मी काय उत्तर देणार? काहीच लिहिलं नाही. एकट्या बिनसाखरने विचारलं नाही. नऊ वर्षांची ओळख, आणि एवढं विचारू नये माणसाने. तेव्हाच मी ठरवलं की कुणालाही जावोत, याला वाटे जाऊ द्यायचे नाहीत.

लिलाव सोमवारी दुपारी चारला संपणार होता. त्या दिवशी माझी तपासणी विमा कंपनीच्या अकरा मजली इमारतीत होती. तपासणीच्या वेळी मी आणि मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभे असतो. टपावरच्या बटणांनी ती सावकाश वर-खाली नेता येते आणि तोवर मजल्यांवरची बटणं चालत नाहीत. काम संपलं तेव्हा चार वाजत आले होते. पण त्या विहिरीसारख्या जागेत मोबाईलला रेंज होती ती फक्त सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधोमध, जिथे भिंतीत हवेसाठी झरोका आहे. मी म्हटलं, पाच मिनिटं इथेच थांबू. मिस्त्री अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे. मी पाच मिनिटं म्हटलं की पाचच मिनिटं, हा त्याचा अनुभव होता, त्यामुळे बिचाऱ्याने जेवणाचा डबा खालीच ठेवला होता.

चारला चार मिनिटं असताना बिनसाखरने माझ्या बोलीवर चढी बोली लावली. आता त्यांचा नियम असा, की शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर लिलाव आणखी दहा मिनिटं पुढे जातो. मी ताबडतोब लिहिलं, "सर्वांना नमस्कार. मी नम्रपणे पुढील बोली लावू इच्छितो," आणि आकडा. लिलाव चालवणारे जे पंच असतात त्यांनी लिहिलं, "तळमजला, या पानावर फक्त आकडा लिहावा ही विनंती." मी लिहिलं, "क्षमस्व. यापुढे काळजी घेईन." त्यांनी लिहिलं, "हेही लिहू नये ही विनंती." तोवर बिनसाखरचा पुढचा आकडा आला होता. त्याला शिष्टाचाराचा काही त्रासच नव्हता, तो एरवीही तसाच बोलतो.

आकड्यांबद्दल एक सांगायला हवं. तिथे भाव नाण्याच्या तुकड्यांत लिहितात, शून्य, मग टिंब, मग आणखी शून्य, आणि शेवटी कुठेतरी एक तीन किंवा चार. शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेल्या माणसाला वाटतं की हे जवळजवळ काहीच नाही. तीनाचे चार केले, चाराचे पाच केले, तरी टिंबानंतरची शून्यं बघून मला आपण फार जपून चाललो आहोत असं वाटत होतं.

मिस्त्रीने विचारलं, "साहेब, मॅच आहे का?"

"लिलाव आहे."

"काय विकताय?"

"विकत घेतोय."

"कुणाचं?"

"आमचंच."

मिस्त्रीने दोराला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "मग समोरून भांडतंय कोण?"

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं.

पाच वाजून गेले. आठव्या मजल्याच्या दाराच्या फटीतून एका बाईचा आवाज आला, "अहो, तपासणी चाललीय की तपश्चर्या?" सातव्यावरून कुणी ओरडलं, "आत माणूस अडकलाय का?" मिस्त्रीने ओरडून सांगितलं, "अडकलाय. टपावर." सहाला कचेरी सुटली. तीनशे माणसं जिन्याने उतरताना कसा आवाज होतो तो मी लिफ्टच्या विहिरीत उभं राहून ऐकला. त्यात माझा आणि माझ्या खात्याचा उद्धार स्पष्ट ऐकू येत होता. त्यांचे हिशेबनीस, वजनदार गृहस्थ, प्रत्येक मजल्यावर थांबून आमच्या दारावर एकेक थाप मारून जात होते. मला लाज वाटत होती, अक्का. पण दर दहा मिनिटांनी तो माणूस आकडा टाकायचा आणि मला वाटायचं, तिचं बोलणं यालाच मिळालं, दुखणं यालाच आधी कळलं, आता वाटेही हाच नेणार. की मी आकडा वाढवायचो.

चारला संपायचा लिलाव सहा चाळीसला संपला. शेवटचा आकडा माझा होता. बिनसाखरने पुढची बोली लावली नाही. गप्पांच्या पानावर मात्र लिहिलं, "पुरे. जेवून घ्या." नियमापेक्षा एक शब्द जास्त. आणि सगळ्यांना अरेतुरे करणाऱ्याने मला अहोजाहो केलं. हरलेल्या माणसाचा टोमणा म्हणून मी सोडून दिलं.

मिस्त्री म्हणाला, "मिळालं का?"

"मिळालं."

"मग तोंड असं का?"

मी तेव्हाच प्रथम त्या शून्यांचे आपल्या पैशात किती होतात ते मोबाईलवर काढून पाहिलं होतं. त्याला आकडा दाखवला. माझा सोळा महिन्यांचा पगार होतो. मिस्त्री टपावर मटकन बसला. म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा ही लिफ्ट घेतली असती."

काल सकाळी पंचांचा निरोप आला. भाषा अत्यंत सभ्य आहे, तेच वाईट. सगळी रक्कम आठ दिवसांत त्यांच्याकडे जमा करायची. पडताळणी झाली की दलाली कापून ती विक्रेत्याला मिळते. म्हणजे माझी मलाच मिळेल, पण त्यासाठी आधी ती असायला हवी. पुढे लिहिलं होतं, की विकणारी आणि घेणाऱ्याला जामीन राहणारी व्यक्ती एकच आहे हे त्यांच्या लक्षात आलं आहे. याविरुद्ध नियम नाही, कारण आजवर हे कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हा तळमजला आणि मुंगी एकाच घरातले आहेत का, हे कृपया कळवावं. असतील तर अकराव्या नियमाप्रमाणे बोली रद्द होईल आणि जामीन राहणाराने शब्द मोडला असं धरलं जाईल. मुंगीच्या दुसऱ्या रकान्यात शून्याचा एक होईल, खातं बंद होईल, लेखन पुसलं जाईल. यातून सुटका एकच. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराने आपल्या शेवटच्या बोलीला वाटे घेतले आणि "तक्रार नाही" असं लिहून दिलं, तर प्रकरण मिटलं असं मानतात.

दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार कोण, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच्यापुढे मी हात पसरणार नाही.

आज कचेरीत वरिष्ठांनी विचारलं, "दोन तास चाळीस मिनिटं टपावर काय करत होतात?" मी म्हटलं, दोर तपासत होतो. ते म्हणाले, "सापडलं काही?" मी म्हटलं, दोर ठीक आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले की हवं तर महिनाभर रजा घ्या. रागावले असते तर बरं झालं असतं. रजा घेऊन मी काय करणार? सातवं, आठवं आणि नववं वर्ष महिन्याभरात वाचून संपेल, तेही पुसलं गेलं नाही तर.

माणूस गेला की त्याच्यामागे त्याचा शब्द राहतो असं म्हणतात. हिचा राहिला होता, दोनशे बारा वेळा पाळलेला, आणि तो मोडायला मीच सापडलो. लिफ्टमध्येसुद्धा दाबलेलं बटण परत बाहेर काढता येत नाही, तिला त्या मजल्यावर जाऊन यावंच लागतं. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तुम्ही काळजी करू नये. गुडघ्याला जपावं.

तुमच्या धाकटीचा नवरा
(हे आता चालतं की नाही ते कळत नाही, पण दुसरं काही सुचत नाही.)

ता. क. पहिला. वर मी दहापर्यंत नियम वाचले असं लिहिलं आहे, ते खरं नाही. अकराही वाचला होता, दोनदा. तरी केलं. आणि काही मागायला लिहीत नाही असंही लिहिलं आहे, तेही तितकंसं खरं नाही. पंचांना "एकाच घरातले नाही" असं कळवावं आणि रक्कम भरून टाकावी, असं माझ्या मनात आहे. माझ्याकडे पाच महिन्यांच्या पगाराइतकी शिल्लक आहे. उरलेल्यासाठी तुमची बँकेतली ठेव मोडता येईल का? आठ दिवसांत पैसे परत येतील. कशासाठी हवेत ते वर लिहिलंच आहे. हे मागता यावं म्हणूनच सगळं एवढं लांबवलं.

ता. क. दुसरा. पत्र संपवून पंचांचा दुसरा निरोप उघडला. दुपारपासून आलेला होता, भीतीने उघडला नव्हता. वाट्यांचे कागद टपालाने जातात, म्हणून नियमाप्रमाणे पहिल्या दोन बोलीदारांची खरी नावं आणि पत्ते ते एकमेकांना कळवतात. बिनसाखर यांचं नाव वाचलं. पत्ता वाचला. चौथा मजला, उजवीकडचं दार. या पत्राच्या पाकिटावर मी तोच लिहून ठेवला होता.

म्हणजे माझा पत्ताही तुमच्याकडे आलेला आहे आणि हे सगळं पत्र तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगतं आहे. तुम्हाला तर पहिल्याच बोलीला कळलं असणार, तळमजला हे नाव जगात दुसऱ्या कुणी लावलं नसतं. तरी तुम्ही सहा चाळीसपर्यंत थांबला नाहीत. मी रागावलेलो नाही, अक्का. "मोकळे व्हा" हे तुम्ही इतकं सहज म्हणाला होतात, की या घरात मोकळं होता न येणारा मी एकटाच आहे असं मला पाच महिने वाटत होतं.

वर बिनसाखरबद्दल जे लिहिलं आहे ते खोडायला पेन उचललं होतं. पण लिहिलेलं मागे घ्यायचं नाही हे मला तीन दिवसांत चांगलं शिकवलं गेलं आहे, म्हणून तसंच राहू दिलं. माणूसघाणा हा शब्द चुकला. शेजाऱ्यांचं जे लिहिलं आहे ते बरोबर असावं.

ठेव आता मला देऊ नका. मोडायचीच तर तुमच्या स्वतःच्या बोलीसाठी मोडा. वाटे तुम्ही घ्या. पैसे विक्रेत्याकडे येतात, म्हणजे माझ्याकडे, ते आले त्याच दिवशी परत पाठवीन. दलाली जाईल ती माझी. वाटे मला नकोत, खरंच नकोत, तुमच्याकडे असले म्हणजे झालं. फक्त पंचांना लिहून द्या, "तक्रार नाही." दोनच शब्द आहेत, तुम्हाला जमण्यासारखे.

ता. क. तिसरा. तुमच्या उत्तराची वाट न पाहता पंचांना आत्ताच कळवून टाकलं. "होय, एकाच घरातले. मुंगी पाच महिन्यांपूर्वी वारली. मी तिचा नवरा." ते आता बदलता येत नाही. गप्पांच्या पानावरही तेच लिहिलं. खाली माणसं काहीबाही लिहीत आहेत, अजून वाचलेलं नाही.

एक विचारायचं होतं, खरं तर हेच. सहाव्या वर्षी जूनपासून चार महिने तुम्ही दोघी तिथे एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. ऑक्टोबरात तिने एकदम लिहिलं आहे, "बरं, तुझंच खरं." कशावरून झालं होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. रविवारी फोनवर सांगाल का? वेळ लागला तरी चालेल.

उद्या सातला तपासणी आहे आणि पँटचं बटण तुटलं आहे. दिव्याखाली बसून सुईत दोरा ओवतो आहे. दोनदा हुकला. पेन खाली ठेवलं की जमेल.